कडेवरची चिऊ

चिऊ चार महिन्यांची झाली आणि अपूर्वाची बाळंतपणाची रजा संपली. देवासच्या पोतनिसांच्या घरात तेव्हा असा प्रश्न उभा राहिला, ज्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं पण तोंडातून काढायला कोणी धजत नव्हतं.

अपूर्वा धारच्या सरकारी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. बदलीचा अर्ज भोपाळला पडून होता. नवरा मयुरेश देवासलाच एका कारखान्यात, कधी दिवसपाळी तर कधी रातपाळी. धार-देवास रोज करायचं म्हणजे इंदूरला बस बदलत निम्मं आयुष्य रस्त्यात घालवायचं. मग एवढ्याशा पोरीला सांभाळायचं कोणी?

रविवारी सगळे हॉलमध्ये जमले. सासरे तात्यासाहेब, सासूबाई माई, थोरला मुलगा नीलकंठ आणि त्याची बायको प्रमोदिनी, वरच्या मजल्यावरचा चुलत दीर आणि त्याची बायको प्रियांका. माईंचे गुडघे गेलेले. प्रियांकाची स्वतःचीच दोन शाळेत जाणारी, शिवाय ती दुकान बघायची. कोणीतरी पाळणाघराचं नाव काढलं. तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला, आणि तेवढ्यावर तो विषय मिटला. मग एकेकाची नजर प्रमोदिनीकडे वळायला लागली.

प्रमोदिनीच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. इंदूरचे डॉक्टर करून झाले, नेमावरला जाऊन नर्मदामाईची ओटी भरून झाली. पुढे पुढे घरात कोणी तो विषय काढेनासं झालं. ती एका खाजगी शाळेत गणित शिकवायची, आणि ते तिला फार आवडायचं.

"मी शाळा सोडते," ती म्हणाली. सोड असं तिला कोणी म्हटलं नव्हतं, पण नको सोडूस असंही कोणी म्हटलं नाही.

दुपारी अपूर्वा तिच्या खोलीत आली. "वहिनी, मी तुम्हाला काय सांगू..."

"काही सांगू नकोस. ती दूध किती वेळानं मागते तेवढं सांग."

अपूर्वा धारला गेली, आणि चिऊ प्रमोदिनीच्या कडेवर आली. कडेवर म्हणजे शब्दशः कडेवर. भरल्या घरात मूल जमिनीवर राहत नाही. जरा खाली ठेवलं की कोणीतरी येऊन उचलायचं. माई म्हणायच्या, "अरे, तिचे पाय भुईला लागू देता की नाही? चालणार कधी ती?" आणि एवढं बोलून स्वतःच तिला मांडीवर घ्यायच्या.

तिच्या प्रत्येक नवलाईला एकेक मालक होता. पालथी पडली ती माईंच्या पलंगावर, म्हणून ते माईंचं. दाताचा शोध तात्यासाहेबांचा. चांदीच्या चमच्यानं ते तिला वरणाचं पाणी पाजत होते, आणि टिक्कन आवाज झाला. ते असे काही ओरडले की नीलकंठ टॉवेलवरच न्हाणीतून धावत बाहेर आला. त्याला वाटलं, वडिलांना झटका आला. प्रियांका वरून जिन्यात येऊन विचारत होती, "क्या हुआ भिया, कोणी पडलं का?"

"दात! दात आला!" तात्यासाहेब चमचा नाचवत होते.

अशी प्रत्येक गोष्ट घराच्या ग्रुपवर जायची. धारच्या भाड्याच्या खोलीत अपूर्वा तो व्हिडिओ पाहायची आणि बदामांची रांग पाठवायची. व्हिडिओ काढताना प्रमोदिनी स्वतःचा चेहरा मुद्दाम येऊ देत नसे. तिचा एखादा हात दिसायचा, बांगडी दिसायची, आवाज यायचा. "आईला दाखव बरं दात. आई बघतेय." फोन समोर धरला की चिऊ त्या काचेचा ओला मुका घ्यायची.

शनिवारी संध्याकाळी अपूर्वा यायची. चप्पलसुद्धा न काढता हात पुढे करायची. चिऊ आधी तिला टक लावून बघायची, मग प्रमोदिनीच्या मानेत तोंड खुपसायची. रविवारी दुपारपर्यंत दोघींचं जरा जमायला लागायचं, तर अपूर्वाची बसची वेळ झालेली असायची.

घरात प्रमोदिनीला चिऊची मोठी आई म्हणत. जुनी पद्धतच होती ती, थोरल्या काकूला मोठी आई म्हणायची. दहाव्या महिन्यात एका सकाळी सगळे पोहे खात बसलेले असताना चिऊनं प्रमोदिनीकडे दोन्ही हात पसरले आणि स्पष्ट म्हणाली, "आई."

कोणाच्याही तोंडातला घास हलेना. मयुरेश तिथेच बसला होता. त्यानं मान खाली घालून पोह्यांतली मिरची शोधायला सुरुवात केली.

"मोठी आई म्हणायचंय तिला," माई घाईघाईनं म्हणाल्या. "मोठी गिळून टाकलं."

"तेच," प्रमोदिनी म्हणाली. तिला उठून कुठंतरी जायचं होतं, पण चिऊ पदराला लटकली होती. आयुष्यभर ज्या हाकेसाठी कान आसुसले होते ती हाक आली, आणि ती आली तेव्हा तिला फक्त भीती वाटली. चोरीचा दागिना कोणीतरी आपल्या गळ्यात घालावा आणि सगळ्यांनी पाहावं, तशी.

त्या दिवसापासून तिनं शिकवणी धरली. "मी काकू. म्हण, काकू." चिऊ म्हणायची, "आई." "आई कुठंय? आई फोनमध्ये आहे ना?" चिऊ फोनकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "अप्पू." सगळं घर फोनवर अपूर्वा, अपूर्वा करत असायचं, तिनं तेच उचललं होतं. शाळेत पाढे न येणाऱ्या कितीतरी मुलांना प्रमोदिनीनं मार्गी लावलं होतं. इथं मात्र तिचं काही चालेना.

आणि मग पावलं. एका गुरुवारी प्रमोदिनी स्वयंपाकघरात कणीक मळत होती, चिऊ डब्याला धरून उभी होती. तिनं डबा सोडला आणि तुरुतुरु चालत येऊन प्रमोदिनीच्या गुडघ्यांना मिठी मारली. दाराशी प्रियांका उभी होती. "अरे बाप रे, ये तो चल दी! थांबा, फोन आणते."

"नको," प्रमोदिनी कणकेच्या हातांनीच म्हणाली. "ग्रुपवर नको टाकू. परवा अपूर्वा येतेय. तिच्यासमोर चालू दे. पहिलं पाऊल तिला बघू दे."

घरातल्या प्रत्येकाला तिनं गाठून सांगितलं. तात्यासाहेबांनी तर शपथ घेतल्यासारखी मान हलवली.

शनिवारी अपूर्वा आली. सगळे उगाचच हॉलमध्ये रेंगाळत होते. प्रमोदिनीनं चिऊला सोफ्याला धरून उभं केलं आणि स्वतः लांब जाऊन उभी राहिली. "अपूर्वा, हात कर बघू तिला. मला वाटतं आज चालेल ती."

अपूर्वा खाली बसली, हात पसरले. "ये गं, चिऊ. ये माझ्याकडे."

चिऊनं सोफा सोडला. झोकांड्या खात आली. अपूर्वाच्या हाताशी आली, त्या हाताला वळसा घातला, आणि पलीकडे उभ्या असलेल्या प्रमोदिनीच्या साडीत जाऊन शिरली.

माईंनी टाळ्या वाजवल्या. तात्यासाहेब जरा जास्तच मोठ्यानं "वा!" म्हणाले. अपूर्वानंही टाळ्या वाजवल्या. मग ती हळूच म्हणाली, "वहिनी, हे पहिल्यांदा नाहीये ना?"

प्रमोदिनीनं वाकून चिऊला कडेवर घेतलं.

"वळली ती. पहिल्यांदा चालणारं मूल वळत नाही." अपूर्वाचा आवाज चिडका नव्हता. चिडका असता तर बरं झालं असतं. "माझ्यासाठी नाटक नका करू. पाहुण्यांसाठी करतात तसं. मी या घरात पाहुणी आहे का?"

"नाही गं," प्रमोदिनी म्हणाली. "मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते कळतंय मला. तुमच्यावर रागावताही येत नाही, हेच तर आहे." आणि ती बॅग उचलून आत गेली.

चिऊच्या पहिल्या वाढदिवसाआधीच मयुरेशला पीथमपूरला नोकरी लागली. धारहून कंपनीची बस होती. धारमध्ये दोन खोल्यांचं चांगलं घर मिळालं, शेजारी दिवसा मुलांना सांभाळणारी एक बाई होती. सगळं जुळून आलं. पेढे आणले गेले. "पोरगी आईबापाजवळच हवी," तात्यासाहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं. प्रमोदिनीनंही मान हलवली. तिच्याजवळ नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. ज्यावर हक्कच नाही ते सोडताना माणूस भांडणार तरी कशाच्या जोरावर?

जायच्या आदल्या आठवड्यात अपूर्वा सामान आवरायला रजा घेऊन आली, तेव्हा प्रमोदिनी तिला एकेक सांगत राहिली. खिचडीत हिंग घातला की तोंड फिरवते. झोपताना पाठीवर नाही, कपाळावर थोपटायचं. कावळा दाखवला की दोन घास जास्त जातात. अपूर्वा सगळं ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत होता. आपल्याच मुलीची माहिती दुसऱ्याकडून घेणं हेही सोपं नव्हतं, हे प्रमोदिनीच्या लक्षात आलं. तेव्हा ती गप्प झाली.

"बोला ना वहिनी."

"बाकीचं तुझं तुला कळेल."

गाडी निघाली तेव्हा चिऊ खुशीत होती. तिला वाटलं, सगळे फिरायला चाललेत. खिडकीतून हात हलवत राहिली. गाडी दिसेनाशी झाल्यावर नीलकंठनं बायकोच्या पाठीवर हात ठेवला. "आपली थोडीच होती," तो म्हणाला. समजूत घालायलाच म्हणाला होता बिचारा.

तीन-चार दिवसांनी व्हिडिओ कॉल आला. प्रमोदिनीचा चेहरा दिसताच चिऊनं फोन दोन्ही हातांनी धरला, "आई, आई" करत काचेवर चापट्या मारल्या, आणि मग असा टाहो फोडला की मयुरेशला फोन बंद करावा लागला. संध्याकाळी अपूर्वाचा साधा फोन आला.

"वहिनी, वाईट नका वाटून घेऊ. तुम्हाला पाहिल्यापासून तिनं काही खाल्लं नाहीये. थोडे दिवस कॉल नको करायला."

"बरं," प्रमोदिनी म्हणाली.

जून लागला. शाळेत तिच्या जागी दुसरी बाई आली होती, तरी ती एकदा जाऊन विचारून आली. घरी माई दर संध्याकाळी म्हणायच्या, "काय करत असेल गं पोर?" आणि प्रत्येक जण ते ऐकू आलं नाही असं दाखवायचा.

मग एक दिवस सकाळीच अपूर्वाचा फोन. आवाज फाटलेला. "वहिनी, ताप उतरत नाहीये. डॉक्टर म्हणतात साधा व्हायरल आहे. पण पाणीसुद्धा घेत नाही. मला नाही जमत. तुम्ही या."

प्रमोदिनी अंगावरच्या साडीनिशी निघाली. धारला पोचली तेव्हा दार मयुरेशनं उघडलं. दाढी वाढलेली. आत पलंगावर अपूर्वा चिऊला घेऊन बसली होती. चिऊनं डोळे उघडले. रडली नाही. नुसती उचलून घे म्हणून बघत राहिली. प्रमोदिनीनं तिला घेतलं, आणि ती मानेत तोंड घालून पडली. वाटीतलं पाणी घोटघोट प्यायली. दुपारी मऊ भात खाल्ला. संध्याकाळी घाम आला आणि ताप उतरला.

अपूर्वा समोर खुर्चीत बसून ते सगळं बघत होती. तिला बरं वाटत होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. दोन्ही तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"राहा ना वहिनी. महिनाभर. हवं तर इथंच राहा, नीलकंठभाऊजींनाही बोलवू."

"आणि महिन्यानं?"

अपूर्वानं रिकामी वाटी उचलली.

"मी तीन दिवस राहते. ती खायला लागली की जाते. जास्त राहिले तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. तुझंही आणि तिचंही."

"आणि तुमचं?"

"माझं काय गं," प्रमोदिनी म्हणाली, आणि चिऊचे कपडे घडी घालायला लागली.

त्या तीन दिवसांत तिनं चिऊला स्वतः भरवलं नाही. वाटी अपूर्वाच्या हातात, आणि आपण नुसतं शेजारी बसायचं. पहिल्या दिवशी चिऊनं वाटी उडवली. दुसऱ्या दिवशी प्रमोदिनीचं बोट धरून ठेवून अपूर्वाच्या हातचा घास घेतला. तिसऱ्या दिवशीही बोट सोडलं नाहीच.

मयुरेश म्हणाला, "वहिनी, झोपली की निघा. रडणं तरी टळेल."

"नाही भाऊजी. उठून पाहील आणि मी नसेन, तर पुढे झोपायलाच घाबरेल." तिनं चिऊला समोर उभं केलं. "मी घरी जाते हं. तू आईजवळ राहा." चिऊला यातलं घर आणि जाते एवढंच कळलं असावं. ती आपली चप्पल घेऊन आली.

मग अपूर्वानं तिला उचललं. चिऊनं पाठ ताठ केली, पाय झाडले, अपूर्वाच्या गालावर नखं ओढली. अपूर्वानं सोडलं नाही. प्रमोदिनी जिना उतरली, गल्ली ओलांडली, तरी तो आवाज मागे येत होता. "आई... आई..." कोपऱ्यावर पाणीपुरीची गाडी लावणारा थांबून बघायला लागला. ती पळाली नाही, कारण पळाली असती तर मागे चिऊकडेच पळाली असती.

बस सुटली. खिडकीशी बसून ती हातातल्या तिकिटाची सुरनळी करत राहिली. बऱ्याच वेळानं फोन वाजला. अपूर्वा होती. मागे रडण्याचा आवाज नव्हता.

"झोपली का?"

"नाही. माझ्या मांडीवर बसलीय. बोलत नाही, खेळत नाही. नुसती दाराकडे बघतेय."

"बसू दे. उठवू नकोस."

"मी काय करू, वहिनी?"

प्रमोदिनीनं खूप विचार केला. दूध, खिचडी, कावळा, कपाळावरचं थोपटणं, सगळं सांगून झालं होतं. "ते मलाही नाही ठाऊक," ती म्हणाली.

दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही. घाटाबिल्लोद आलं, माणसं चढली, कोणीतरी गाठोडं घेऊन शेजारी बसलं. तेव्हा ती खिडकीकडे आणखी सरकली, आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.