ये गं म्हणावं

"गुडघ्याला विचारून आलात का?" गाडीतून उतरता उतरताच बालेन्दिननं बित्तोरीला टोमणा मारला.

"विचारलं तर. तो म्हणाला, बालेन्दिनचं पोट वर पोचतं, मग मी का नाही पोचणार?"

सगळे हसले. आमच्या डोंगरमंडळात रविवारी दहाबारा जण येतात. त्यातले निम्मे डोंगरासाठी येतात आणि निम्मे उतरल्यावरच्या जेवणासाठी. बालेन्दिन दुसऱ्या निम्म्यांचा पुढारी आहे, हे तो स्वतःच अभिमानानं सांगतो. बित्तोरी मात्र पहिल्यांतली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिनं उभं आयुष्य वाफेत काढलं, आणि रविवार आला की डोंगर. पण गुडघा बदलल्यापासून ती आली नव्हती. आज ओत्सागाइनचं शिखर, मग खाली खिंड, मग समोरचं बेलेता. शाळेतली मुलंसुद्धा जातात अशी वाट आहे. तरी सत्तरी उलटलेल्या बाईनं नव्या गुडघ्यावर दोन शिखरं करायची म्हणजे चेष्टा नव्हे.

ती माझ्याबरोबर मागे राहिली. मी बेकरीत आठवडाभर उभी असते, त्यामुळे रविवारी माझे पाय संपावर जातात. तिची पिशवी पाठीवर खुळखुळत होती.

"काय भरलंय एवढं?" मी विचारलं.

"अक्रोड. इतुर्राल्देच्या झाडाचे. आमच्या माहेरचे हो."

"डोंगरावर अक्रोड कुणाला?"

"होशेपाला. खिंडीतल्या घरात असते ना ती. आम्ही दोघींनी मिळून मेंढ्या राखल्यात इथं." मग थोडं चालून ती म्हणाली, "तुम्हाला हसू येईल. मार्चमध्ये आमची मिकेला गेली, तेव्हापासून मला कुणी 'गं' म्हटलेलं नाही."

मला हसू आलं नाही. आमच्या इथल्या भाषेत हा 'गं' भलताच मानी आहे. नवरा बायकोला लावत नाही, मुलं आईला लावत नाहीत. बहिणी एकमेकींना लावतात, लहानपणच्या मैत्रिणी लावतात, आणि गाईला, घोडीला लावतात. मोठी बाई लहानीला म्हणू शकते, पण तो खालून वर जात नाही. बित्तोरीच्या शाळेतल्या नन तर तो ऐकला की कान पिरगाळायच्या, गावंढळ म्हणून. अशा रीतीनं तो आटत आटत गेला. आता गावात सगळे सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतात. मिकेला ही तिची थोरली बहीण. ती गेली आणि बित्तोरीच्या वाट्याचा 'गं' संपला. उरली होती एकटी होशेपा.

"आधी शिवी हासडेल बघा," चढता चढता बित्तोरी म्हणाली. "कुठं उलथली होतीस गं इतकी वर्षं, असं म्हणेल. तोंडाची फार फाटकी."

ओत्सागाइनवर पोचलो तेव्हा दक्षिणेचा कोरडा वारा सुटला होता. शिखरावरच्या लोखंडी पेटीत बालेन्दिननं येऊन गेल्याची खूण म्हणून मंडळाचं कार्ड टाकलं आणि लगेच पावात घातलेलं ऑम्लेट बाहेर काढलं. बित्तोरी कड्याशी जाऊन खाली बघत होती. खिंडीत तांबूस नेच्यांच्या उतारावर एक पांढरं घर, लाल कौलं.

"धूर आहे," ती म्हणाली. "म्हणजे आहे घरी."

"खाऊन घ्या," बालेन्दिन म्हणाला. "नाहीतर तुम्हाला उचलून न्यावं लागेल, आणि माझी पाठ देवाच्या हवाली आहे."

"तिच्याकडे खाईन. खाऊन गेले तर रागावेल." तिनं डोक्याचा रुमाल सोडला, केस सारखे केले, रुमाल परत बांधला. नवरी निघाली का काय, असं कुणीतरी पुटपुटलं. तिच्या कानावर गेलं नाही.

खिंडीत बाकीचे झऱ्यापाशी टेकले. आम्ही दोघी घराकडे गेलो. दारातल्या बाकावर एक वाळकी म्हातारी लाल घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. कुंपणावरून एक घोडी मान घालून तिच्या टोपलीत तोंड खुपसत होती.

"मागं हो गं, हावरट! सगळं तुझंच का?" म्हातारी तिच्यावर खेकसली.

बित्तोरी जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा इतका उजळला की मी दुसरीकडे बघितलं.

"होशेपा!"

म्हातारीनं वर बघितलं. बघत राहिली. मग बाकावरची टरफलं हातानं झाडली. "या, बसा. दमला असाल. पाणी देऊ का तुम्हाला?"

तुम्हाला. बित्तोरी बसली, तिच्या शेजारी मी. दारात सून आली होती, तिनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. "वर्षभर असंच चाललंय," ती कुजबुजली. "कधी माणसाची ओळख लागते, कधी नाही. त्यांना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं."

"कुठल्या घरच्या तुम्ही?" होशेपा विचारत होती. आमच्याकडे नाव नंतर, आधी घर.

"इतुर्राल्देच्या." बित्तोरीनं पिशवी उघडून अक्रोड तिच्या ओटीत ओतले.

होशेपानं दोन अक्रोड एका मुठीत धरून दाबले. कडकन फुटले. "पातळ सालीचे. इतुर्राल्देचेच. तिथं दोन मुली होत्या. थोरली मिकेला, शिष्ट. धाकटी बित्तोरी. माझ्याबरोबर मेंढ्यांमागं यायची. एकदा धुकं उतरलं आणि ही बया नेच्यांत झोपली. मेंढ्या गेल्या पलीकडच्या खोऱ्यात, आणि मार मी खाल्ला."

"तिनं नंतर कबूल केलं होतं," बित्तोरी म्हणाली.

"कुठलं कबूल! तुम्हाला काय ठाऊक?"

"खरंय. मला काय ठाऊक."

मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. बित्तोरीनं माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

"कुठं असते ती?" होशेपानं विचारलं.

"गावात. इस्पितळात कपडे धुवायची. आता घरीच असते."

"भेटते तुम्हाला?"

"भेटते ना. रोज."

"मग एक निरोप सांगाल?" होशेपानं टोपली बाजूला ठेवली. आवाज एकदम बदलला, चढा झाला, पोरीसारखा. "म्हणावं, ये गं. पाय मोडलेत का मेले तुझे? मी काय कुठं गेले नाही, इथंच आहे. ये गं म्हणावं."

घोडी पुन्हा टोपलीकडे वळली. या वेळी तिला कुणी हाकललं नाही.

"सांगते," बित्तोरी म्हणाली.

"विसराल."

"नाही विसरणार."

"आणि हे द्या तिला." होशेपानं ओंजळभर घेवडा तिच्या हातात दिला. बित्तोरीनं तो कोटाच्या खिशात टाकला, वाकून होशेपाच्या गालाला गाल लावला आणि निघाली. तिच्याकडे खायचं ठरलेलं, पण पाव, चीज काहीच झालं नाही. सून थांबवत होती, पण तिनं ऐकलं नाही.

बेलेताच्या चढावर मला राहवलं नाही. "सांगायचं होतं की, मीच ती म्हणून!"

"सांगून? ओशाळली असती बिचारी. मग उगाच तुम्ही तुम्ही करत माफी मागत बसली असती." ती धापा टाकत होती, गुडघ्यामुळे की कशामुळे, सांगता येत नव्हतं. "मला हवं होतं ते मिळालं. जरा वळसा घेऊन आलं, इतकंच."

शिखरावर मात्र ती सगळ्यांकडे पाठ करून बसली आणि रडली. लपवूनही रडली नाही. बालेन्दिन तोंड उघडायला गेला खरा, पण एकही विनोद न करता त्यानं वाइनची कातडी पिशवी तिच्यापुढे धरली. तिनं एक लांब घोट घेतला. "आंबट आहे," ती म्हणाली. तो म्हणाला, "आहेच."

परतीची वाट बीचच्या उंच झाडांच्या जंगलातून उतरते. तिथं ऊन पोचत नाही, आणि ओल्या पानांवरून पाय सरकतो. एका घसरड्या वळणावर बित्तोरी थांबली.

"हात दे गं," ती म्हणाली.

मागेपुढे कुणी नव्हतं. मलाच म्हणाली होती. माझे आईवडील कारखान्यात कामाला म्हणून बाहेरून इथं आलेले. ही भाषा मी रात्रीच्या वर्गात शिकले, आणि वर्गात तो शब्द शिकवत नाहीत. आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणी तो लावला होता. असं भरून आलं की वाटलं, तिचा 'गं' तिला परत द्यावा, एकदाच. जिभेवर आलाही. पण मी तिच्या मुलीच्या वयाची. कसा देणार?

"घ्या," मी म्हणाले आणि हात पुढे केला.

तिनं तो धरला. दुसरा हात तिनं खिशात घातला होता, आणि खाली रस्ता लागेपर्यंत त्यातला घेवडा चाळवल्याचा आवाज येत होता.