मिस्त्रींचा घेर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना पथ्यपाणी करणाऱ्या माणसांचा मनापासून तिटकारा होता. कामाच्या ठिकाणी कुणाच्या डब्यात काकडीच्या चकत्या दिसल्या की ते म्हणत, गुरांचा चारा माणसाला कधीपासून लागू झाला? त्यांच्या स्वतःच्या पिशवीत पान्यांखाली बटाट्याच्या तळलेल्या कापांची पाकिटं असत. एक सकाळी, एक चारला, एक घरी जाताना. जेवण वेगळंच. डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा डॉक्टर स्वतःच किती लुकडा आहे, हेच त्यांनी घरी येऊन बायकोला ऐकवलं.

एकदा सहा मजली कार्यालयाची लिफ्ट बंद पडली. मशीनच्या खोलीत जायला छतात चौकोनी भोक आणि लोखंडी शिडी. जोडीदार, ज्याला सगळे काडी म्हणत, सरसर वर गेला. मागोमाग मिस्त्री चढले आणि पोटापाशी अडकले. धड वर, पाय खाली, ना पुढे ना मागे. शिडी धरायला स्वागतकक्षातल्या बाई धावल्या. त्यांच्याच डब्याला मिस्त्रींनी दोन दिवसांपूर्वी, याच इमारतीत कामाला आले असताना, नावं ठेवली होती.

"घाबरू नका मिस्त्री," बाई खालून शांतपणे म्हणाल्या. "चारा खाणाऱ्यांना शिडी धरण्याइतकी ताकद असते."

काडीने कमरेभोवती ग्रीस चोपडलं, तेव्हा कुठे सुटका झाली. तोवर जिन्यात निम्मं कार्यालय जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सांगितलं, यापुढे तुम्ही खालीच थांबा, दारं आणि बटणं बघा. नुसत्या आवाजावरून मोटरचं दुखणं ओळखणारा बावीस वर्षांचा अनुभव, आणि आता बटणं पुसायची! मिस्त्री तणतणत घरी आले आणि आजपासून तळलेलं बंद, अशी घोषणा करून मोकळे झाले. बायकोने मान डोलावली. अशा घोषणा ऐकून तिचे कान किटले होते.

नव्याचे नऊ दिवसही भरले नाहीत. चौथ्या दिवशी चार वाजले आणि जीभ वळवळायला लागली. मिस्त्रींनी पाकीट घेतलं, गिऱ्हाइकाच्या इमारतीतल्या संडासात कडी लावली आणि आवाज होऊ नये म्हणून एकेक काप तोंडात विरघळवत खाल्ला. बाहेर येऊन हात धुताना आरशात पाहिलं, तर मिशीला मीठ आणि चुरा. घरात नातवंडं खेळवणारा हा माणूस संडासात लपून खातो! आजवर जगाबद्दल वाटलेला तिटकारा त्यांना पहिल्यांदाच स्वतःबद्दल वाटला. तरी पाकिटाच्या तळाशी उरलेला चुरा त्यांनी खाल्लाच.

रिकामी पाकिटं बायकोला बुटांच्या खोक्यात सापडली. ती रागावली नाही, हे जास्त लागलं.

"खायचं तर खा," ती म्हणाली. "पण ताटात घ्या, माझ्यासमोर बसा आणि खा. चोरासारखं नको."

त्यांनी हट्टाने अख्खं पाकीट ताटात ओतलं. बायको समोर बसून भाजी निवडत राहिली. दहा-बारा कापांनंतर टाळूला तेल चिकटल्यासारखं झालं. इतकी वर्षं चव अशी घेतलीच नव्हती, नुसतं कोंबलं होतं. उरलेलं ताट त्यांनी बाजूला सारलं आणि त्यानंतर बाहेर काही न खाण्याचं ठरवलं, या वेळी कुणाला न सांगता.

चार वाजता जीभ रोज मागायचीच. ते सफरचंद चावत आणि सफरचंदाला शिव्या देत. उकडलेल्या भाज्यांना ते धुण्याचं पाणी म्हणत, पण ताट स्वच्छ करत. दोनदा घसरले, दोन्ही वेळा घरी येऊन सांगितलं. सात महिन्यांनी डॉक्टरांनी साखर उतरल्याचं सांगितलं, पोटाचा घेरही उतरला आणि मालकांनी पुन्हा वर जाऊन मोटरचं काम करायला दिलं.

त्याच आठवड्यात मेहुणा तळलेल्या पदार्थांनी भरलेलं मोठं खोकं घेऊन घरी आला.

"काय दाजी, तुम्हीपण पाला खाणाऱ्यांत गेलात?" तो हसला.

मिस्त्रींनी त्याच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं. तोंडावर आलेलं वाक्य चांगलंच झोंबणारं होतं, पण ते त्यांनी गिळलं. दोन तुकडे ताटात घेतले, सावकाश खाल्ले आणि खोकं मेहुण्यापुढे सरकवलं. बघता बघता त्याने ते रिकामं केलं, आणि मिस्त्री पाणी प्यायला उठले.