पुढच्या महिन्यात नवीन येतंय

पैसे होते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी हळहळत बसायला नको. लॅपटॉपचे पैसे आईच्या पितळी डब्यात पावसाळ्यापासून नुसते बसून होते, लग्न लागून गेल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखे. नव्हती ती फक्त परवानगी. आणि ती हिंजवडीहून यायची होती.

आमचं घर पालीला, राजगडाच्या पायथ्याशी. दर रविवारी पुण्याची माणसं गड चढायला येतात. वर जाताना गाणी म्हणतात आणि खाली येताना भिंत धरून चालतात. मग त्यांना आमच्या ओट्यावर पिठलं-भाकरी लागते. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दारावर पाटीच लावलीय. येणाऱ्यांतली निम्मी माणसं कॉम्प्युटरच्या कंपन्यांतली असतात. सोमवारी सकाळी त्यांचं कायतरी 'लाइव्ह' जायचं असतं, म्हणून रविवारीही लॅपटॉप सोबत असतो. गडावर न्यायला जड आणि गाडीत ठेवला की तापतो, म्हणून आमच्याकडं ठेवून जातात. आई त्या बॅगा भाताच्या कणगीत ठेवते. कुणी हात लावायला नको म्हणून.

म्हणजे दर रविवारी आमच्या कणगीत तीन-चार लॅपटॉप असायचे, आणि घरात लॅपटॉप नसायचा.

लॅपटॉप हवा होता गायत्रीताईला. ती भोरच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजात कॉम्प्युटर होते, पण साल दोन हजार सात, आणि लोडशेडिंग असं की वीज असायची तेव्हा ताईची एसटी नसरापुरात असायची आणि एसटी भोरला पोचायची तेव्हा वीज गेलेली असायची. दोघींचं जुनं भांडण असावं. घरीही तीच तऱ्हा. तेव्हा बॅटरीवर चालणारं यंत्र हवं, एवढं साधं होतं.

पण आप्पांचा एक नियम आहे. बैल घ्यायचा तर ज्याच्या दावणीला बैल आहे त्याला विचारायचं. तो 'घे' म्हणेपर्यंत कासऱ्याला हात लावायचा नाही. या नियमानं त्यांचा एकही बैल वाईट निघालेला नाही. लॅपटॉपची दावण तर आमच्याच कणगीत. आप्पा विचारू लागले.

गणपतीच्या सुमाराला पहिला म्हणाला, "काका, आत्ता अजिबात घेऊ नका. दिवाळीला नवीन चिप येतेय. दुप्पट फास्ट."

दिवाळीनंतरचा म्हणाला, "जानेवारीत नवीन सिस्टिम येतेय. आत्ता घ्याल तर पस्तावाल."

जानेवारीतला म्हणाला, "आली, पण पहिली कधी घ्यायची नसते, काका. त्यातल्या चुका निघू देत."

आप्पा प्रत्येकाला मान डोलावून जास्तीची भाकरी वाढायचे. "हिंजवडीचा माणूस हितं येऊन फुकट सांगतोय," ते म्हणायचे. "ऐकाया काय जातंय?"

जात होतं ताईचं वर्ष. तिला दूध डेअरीचा प्रोग्रॅम करायचा होता. गाय का म्हैस, फॅट किती, लिटर किती, हे टाकलं की भाव यावा. यंत्र नाही म्हणून तिनं तो पेन्सिलीनं कागदावर लिहिला. मग तो तपासायचा कसा? तर तिनं मला कॉम्प्युटर केलं. मी भिंतीला टेकून बसायचो. ती समोरून म्हणायची, "म्हैस. सहा फॅट. चार लिटर." मी कागदावरच्या ओळी वरून खाली वाचत जायचो आणि उत्तर द्यायचो. एकदा मी म्हणालो, "म्हैस आजारी आहे." ताईनं चप्पल फेकून मारली. त्यानंतर मी फक्त हँग व्हायचो.

ती हसायची नाही. तिचं हसणं दिवाळीनंतरच संपलं होतं. जेवताना ती आप्पांशी बोलायची नाही आणि आप्पांना ते कळायचं नाही. त्यांना वाटायचं पोरगी अभ्यासात आहे.

फेब्रुवारीत सरांनी सांगितलं, येत्या शनिवारपर्यंत प्रोग्रॅम पडद्यावर चालवून दाखव, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. कागदावरचा चालत नाही.

"चालतो सर," ताई म्हणाली. "माझा भाऊ चालवतो."

सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं.

त्या रविवारी तिघं आले. एक चष्मेवाला, एक टोपीवाला, एक उन्हानं लाल झालेला. सकाळी तीन बॅगा कणगीत गेल्या, दुपारी तिघं भिंत धरून परत आले. ओट्यावर बसले. आई चुलीपुढं, ताई भाकऱ्यांची टोपली घेऊन दारात. आप्पांनी घसा साफ केला.

"पोरीला लॅपटॉप घ्यायचा म्हंतो. शनवारच्या आत लागतोय. घ्यावा का?"

मला वाटलं, शनिवार म्हटल्यावर तरी. चष्मेवाल्यानं मान हलवली. "एवढे दिवस थांबलात ना काका? मग अजून थोडं थांबा. पुढच्या महिन्यात नवीन येतंय. हे सगळे स्वस्त होणार."

"एप्रिलमध्ये तर अजून भारी येतंय," टोपीवाला म्हणाला.

आप्पांनी मान डोलावली. डोलावली. मी बघत होतो. शनिवार त्या मानेवरून घरंगळून खाली पडला.

ताई पुढं आली. "तुमी तुमचा कधी घेतला?"

"मी?" चष्मेवाला म्हणाला. "हा कंपनीचा आहे."

"आन् तुमी?"

"माझाही ऑफिसचाच."

लाल झालेला हसला. "मला तर दोन दिलेत."

"म्हंजी घेतला कुणीच न्हाई."

"आमच्यात कोण विकत घेतं? ऑफिसच देतं सगळ्यांना."

आप्पांची मान थांबली. "आदीच्या रविवारी आलेले... त्यांचं बी?"

"बहुतेक सगळ्यांचं, काका."

आप्पांनी कणगीकडं पाहिलं. पावसाळ्यापासून ते ज्यांना विचारत होते, त्यांतल्या एकाचीही दावण स्वतःची नव्हती. सगळे मालकाचे बैल हाकणारे. अशा माणसाला बैल घ्यावा का विचारलं तर तो थांबच म्हणणार. त्याला उद्या नांगरायला मालकाचा आहेच.

"ताई, भाकरी," टोपीवाल्यानं ताट पुढं केलं.

ताईनं टोपली मागं घेतली. "थांबा."

"का?"

"पुढच्या महिन्यात बाजारात नवी ज्वारी येतीय. दुप्पट मऊ. ही जुन्या पिठाची. आत्ता खाल तर पस्तावाल."

तिघं हसले. छान हसले, पुण्याची माणसं खेड्यातल्या विनोदाला हसतात तसे. चष्मेवाला म्हणाला, "बरं, पिठलं तरी वाढा."

"डाळ बी नवी येतीय. पहिली नगा घेऊ. खडे असत्यात. ते निघू देत."

अजून हसत होते. मग आत चुलीवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला. आमच्या आईनं, जाईबाईनं, आयुष्यात एका शब्दानं कुणाला दुखवलेलं नाही. तिनं तांब्याभर पाणी जळत्या लाकडांवर ओतलं, तांब्या पालथा घातला आणि पदर झटकून मागच्या दारी जाऊन बसली. हसणं थांबलं.

"काका," लाल झालेला आप्पांना म्हणाला, "सकाळपासून काही खाल्लं नाहीये हो."

"मला नगा विचारू," आप्पा म्हणाले. "म्या नुसता मालक हाय. जाणकार ती."

ताईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मला तिची भीती वाटली नसती. "तुमचं काय जातंय थांब म्हणायला?" ती म्हणाली. "तुमचा सोमवार ठरलेला हाय. यंत्र मोडलं तर दुसरं मिळतंय. हितं बसायचं, आमचा ठेचा खायचा, आन् माज्या शनवारला एप्रिल दाखवायचा. थांबायचं कुणी? तुमी एक दुपार थांबून बगा."

चष्मेवाला म्हणाला, "आम्ही चांगल्यासाठीच सांगत होतो."

"म्या बी चांगल्यासाठीच सांगतीय. नवी ज्वारी खरंच मऊ असती."

मी कणगीतून तीन बॅगा काढल्या, भाताचं तूस झटकलं आणि एकेकाच्या हातात दिल्या. एकीवर तूस राहिलं होतं. ते मी राहू दिलं.

सोमवारी आम्ही भोरला गेलो. पितळी डबा आप्पांच्या मांडीवर, आख्ख्या एसटीत त्यांनी तो कुणाच्या हातात दिला नाही. स्टँडजवळ फिरोजभाईचं कॉम्प्युटरचं दुकान. काचेच्या कपाटात एकच लॅपटॉप.

फिरोजभाई प्रामाणिक माणूस, हीच अडचण. "रतनकाका, लपवत न्हाई," तो आप्पांना म्हणाला. "पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय. थांबता का?"

ताईनं डोळे मिटले. मी दुकानात फेकण्याजोगं काय काय आहे ते पाहून घेतलं.

आप्पांनी विचारलं, "फिरोज, तुजा सोताचा हाय का?"

"हाय. जुना हाय."

"पदरच्या पैशानं?"

"मंग काय सासऱ्यानं दिलाय?"

"चालतो?"

"रोज."

"हां," आप्पा म्हणाले आणि डबा काउंटरवर ठेवला. "मंग हे काड बाहीर. नवीन आलं की त्याला म्हणावं बस, चहा घे."

फिरोजभाईनं यंत्र सुरू केलं आणि तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, बाजूच्या झेरॉक्सवाल्यानं शिवी दिली, दुकान काळोखं झालं. फक्त लॅपटॉपचा पडदा निळा उजळत राहिला. ताईचं तोंड त्या उजेडात दिसत होतं. ती अजूनही रागातच होती, पण आता तिला काम होतं.

चार दिवस तिनं कागद पाहून पाहून सगळं त्यात टाकलं. शुक्रवारी म्हणाली, "म्हैस. सहा फॅट. चार लिटर." मी सवयीनं तोंड उघडलं. यंत्रानं माझ्या आधी भाव सांगितला. कॉम्प्युटर म्हणून माझी नोकरी गेली ती अशी. शनिवारी तिनं तो सरांच्या टेबलावर चालवला. कॉलेजात वीज नव्हती.

पुढच्या रविवारी नवीन माणसं आली. एकानं ओट्याच्या कोपऱ्यात लॅपटॉपवर काम करणाऱ्या ताईला पाहिलं आणि ताट घेऊन तिच्या खांद्यावरून वाकला.

"अरे, हे मॉडेल घेतलंत? थोडं थांबायला..."

ताईनं वर पाहिलं नाही. आप्पा वाढता वाढता थांबले. हातातली भाकरी त्याच्या ताटाच्या वर वीतभर अंतरावर, तिथंच राहिली. आत आईनं तांब्या उचलल्याचा आवाज झाला.

माणसानं भाकरीकडं पाहिलं, मग आप्पांकडं.

"नाही, छान आहे," तो म्हणाला. "चांगलं केलंत."

आप्पांनी ती भाकरी परत टोपलीत ठेवली, टोपलीत नीट शोधलं आणि सगळ्यात करपलेली काढून त्याला वाढली.