ॲव्हरिलची चिकटपट्टी

ॲव्हरिलच्या गळ्याखालची, उजव्या बाजूची जखम मागच्या वेळी भरली आणि नंतरही भरतच राहिली. अंगठ्याएवढा जाड व्रण झाला. आता तो कापून काढला होता आणि नर्सबाईंनी कडा जवळ सरकवून वर चिकटपट्टी लावली होती.

"तीन महिने पट्टी हवी. कातडी ताणली की शरीराला वाटतं, इथं मजबुती कमी पडतेय. मग ते भर घालत सुटतं."

कार्निव्हल पाच आठवड्यांवर आलं होतं. ॲव्हरिलच्या पथकात स्टीलपॅन, म्हणजे पिंपाच्या पत्र्याचं सुरेल वाद्य, गळ्यात अडकवूनच वाजवायचा. चाकांच्या गाड्यावर पॅन ठेवणाऱ्यांना हे लोक 'फेरीवाले' म्हणत. अठरा वर्षांत तिची एकही मिरवणूक चुकली नव्हती. तिनं डोकं चालवलं आणि पॅनचा पट्टा डाव्या खांद्यावर घेतला.

आठवड्याभरात पट्टीखालची जखम खाजू लागली.

पथकाचे म्होरके कथबर्टकाका अंगणात हातोडीनं ठोकून पॅन सुरात लावत होते.

"काका, ओझं डावीकडे, मग खाज उजवीकडे कशी?"

"डावा हात उचल. आता पट्टीकडे बघ."

हात वर गेला तशी पट्टी ताणली गेली, कडेची कातडी चुरगळली.

"इथं एक सूर जोरात ठोकला की शेजारचा बिघडतो," काका हातोडी फिरवत म्हणाले. "पत्रा एकच ना? तुझी कातडी काय तुकडे जोडून शिवलीय?"

"मग यंदा मी घरी बसू?"

"तू घरी बसलीस तर तुझी आई माझं डोकं खाईल." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली. "माझे गुडघे कुरकुरतायत. यंदा पथक तू ने. पण दोन्ही हात खिशात!"

मिरवणुकीत ती तीस जणांच्या पुढे खिशात हात घालून चालली.

"काय गं, हात घरी विसरलीस?" कुणीतरी ओरडलं. तिनं शिट्टीनंच उत्तर दिलं. तिच्या लाडक्या चालीला खिशातली बोटं तेवढी मांडीवर नाचली. खांदे हलले नाहीत.

पट्टी निघाली तेव्हा खाली पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक रेघ होती. ती दाखवायला ॲव्हरिल काकांकडे धावली.

काकांनी चष्मा लावून रेघ नीट पाहिली आणि हात पुढे केला. "शिट्टी."

"आणि गुडघे?"

"गुडघे माझे, शिट्टीही माझी. जा, तुझा पॅन घे."