तेवीसशे फेऱ्यांच्या खाली

मी वजन बोलतोय. भाजीवाल्याच्या तराजूतलं नव्हे, आणि तुम्ही दर नव्या वर्षी कमी करायची शपथ घेता तेही नव्हे. मी विमानाच्या इंजिनातलं वजन. सध्या मुक्काम एका दातांच्या डॉक्टरच्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून. केसाएवढाही फरक चालणार नाही म्हणून मापून मापून बनवलेला मी, आणि आता काम काय, तर छतावरच्या पंख्याशी भांडायचं! चालायचंच.

माझा जन्म कारखान्यातला. पोलाद तापवलं, ठोकलं, कापलं, दोन भोकं पाडली आणि मला क्रँकशाफ्टला दोन पिनांवर टांगलं. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा. पिस्टन त्याला फिरवतात आणि तो विमानाचा पंखा फिरवतो. पण प्रत्येक पिस्टन त्याला असा धपाटा घालतो की बिचाऱ्याला पीळ बसतो. तो पीळ मी खायचा. भोकं पिनांपेक्षा मुद्दाम मोठी ठेवलेली, मला झुलता यावं म्हणून. दांडा इकडे पिळला की मी तिकडे झुलतो आणि धक्का गिळून टाकतो. घरात एखादी मोठी सून असते ना, सगळ्यांची भांडणं स्वतःच्या अंगावर घेणारी आणि कुणाच्या खिजगणतीत नसलेली, तसं माझं.

माझी अट एकच. दांडा पुरेसा जोरात फिरला पाहिजे. तसा फिरला की मी बाहेरच्या बाजूला ताणला जातो आणि शिस्तीत झुलतो. फेऱ्या कमी केल्या आणि इंजिनावर भार मात्र तसाच ठेवला, की माझा ताण ढिला पडतो, धपाटे मोठे होतात आणि मी पिनांवर आपटायला लागतो. म्हणून माझ्या इंजिनाच्या पुस्तकात ठळक छापलंय की वर पोहोचल्यावर, सरळ प्रवासात, मिनिटाला तेवीसशे फेऱ्यांच्या खाली येऊ नका. पहिलीतल्या पोरालाही कळेल. पण डॉक्टर पहिलीत नव्हता ना, तो फार शिकलेला होता!

माझी पहिली मालकीण टपाल नेणारी वैमानिक होती. बाई फारशी बोलायची नाही. तिच्या हाताखाली माझ्या पिनांवर ओरखडा उमटला नाही. ती निवृत्त झाली आणि विमान डॉक्टरने घेतलं.

डॉक्टरला बोलायचा आजार. दवाखान्यात त्याची चंगळ, कारण समोरच्याचं तोंड उघडं, त्यात कापूस कोंबलेला आणि वरून नळी. मध्ये बोलायची कुणाची टाप नाही. विमानात मात्र त्याची पंचाईत झाली. इंजिनाच्या आवाजात शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येईना. कानाला लावायची यंत्रं होती, पण बायको म्हणाली, "ती डबडी घातली की माझं डोकं उठतं." त्याची मोठी बहीण, ताई, तिने तर ती हातातही घेतली नाहीत.

मग एके दिवशी या महाशयांना शोध लागला. पंख्याच्या फेऱ्या कमीजास्त करायची एक निळी मूठ असते. ती त्याने मागे ओढली, पार एकोणीसशेपर्यंत. इंजिनाचा आवाज खाली आला.

"बघ, आता कसं निवांत बोलता येतं!" तो बायकोला म्हणाला. "इंजिनालाही आराम. कमी फेऱ्या म्हणजे कमी झीज. साधी गोष्ट आहे."

"पण मिस्त्रींनी त्या फेऱ्यांच्या काट्याच्या काचेवर लाल रेघ मारलीय ती?"

"ती घाबरटांसाठी असते गं."

मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण मला हात नाहीत. आराम म्हणे! डोंबलाचा आराम! तो वर बसून अक्कलदाढेच्या गोष्टी सांगायचा आणि मी खाली पिनांवर डोकं आपटायचो. प्रत्येक सहलीला हेच. पिनांना खड्डे पडले, भोकं वाकडीतिकडी झाली. तो जितका रंगात यायचा तितका मी झिजायचो.

मग ताईला नात झाली. लेक दूर गावी, मधे नुसतं जंगल. डॉक्टर म्हणाला, "ताई, मी आहे ना! दुपारच्या जेवणाला तिथे असशील." ताई विणलेलं टोपडं मांडीवर घेऊन मागे बसली, वहिनी, म्हणजे डॉक्टरची बायको, पुढे. जंगल सुरू झालं तशी साहेबांनी मूठ मागे घेतली आणि तोंड उघडलं.

थोड्या वेळाने ताई म्हणाली, "अरे, माझ्या पायाखाली काहीतरी ठोठावतंय."

"हवा आहे ती, ताई. तर मी काय सांगत होतो..."

"हवा पायाखालून ठोठावते होय?"

हवा कसली, तो मी होतो. एक पिन सुटायच्या बेतात होती. ती सुटली असती तर मी इंजिन फोडून बाहेर पडलो असतो, आणि खाली झाडांशिवाय काही नव्हतं. मला भीती वाटली. स्वतःची वाटलीच, पण त्या टोपड्याची जास्त वाटली. विमान असं थडथडायला लागलं की काट्यावरचे आकडे दिसेनात. दातांच्या डॉक्टरचे दात एकमेकांवर वाजू लागले, तरी गडी बोलतच होता.

"आधी तोंड बंद कर!" ताई ओरडली. "आणि निघताना होता तसा आवाज येऊ दे इंजिनाचा!"

"मग माझं बोलणं तुम्हाला ऐकू येणार नाही!"

"तेच हवंय मला!"

रागाच्या भरात त्याने मूठ पुढे ढकलली. फेऱ्या चढल्या, तेवीसशे, मग त्याच्याही वर. मी ताणला गेलो. झिजलेल्या पिनांवर का होईना, पण जागेवर आलो. थडथड कमी झाली. पुढचा सगळा प्रवास कुणी कुणाशी बोललं नाही आणि आम्ही धडधाकट उतरलो. ताई मागे वळूनही न बघता नातीकडे पळाली.

तिथल्या मिस्त्रींनी इंजिन उघडलं आणि मला हातात घेऊन विचारलं, "डॉक्टरसाहेब, फेऱ्या किती ठेवत होतात?"

"पुस्तकात आहेत तेवढ्याच."

वहिनी छताकडे बघत राहिली. नवऱ्याची लाज सांभाळताना बायका छत फार बघतात.

माझ्या जागी नवं वजन बसलं आणि मी या टेबलावर आलो. रोज एक नवं उघडं तोंड येतं आणि रोज मी ऐकतो, साहेबांनी इंजिनातला बारीकसा दोष नुसत्या कानाने कसा ओळखला, कसे शांत राहिले, सगळ्यांना कसं वाचवलं. पूर्वी निदान मधे इंजिनाचा आवाज तरी होता. आता तोही आधार गेला.

परवा ताईची दाढ दुखत होती म्हणून ती आली. खुर्चीत बसली, आ केला, कापूस गेला. आणि सवयीचा गुलाम तो! समोर कोण आहे याचंही भान न ठेवता सुरू झाला, "...आणि मागे आमची ताई. रडत होती बिचारी."

ताईने बोटं घालून कापूस बाहेर काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"मी रडत होते?"

बाहेर बसलेल्या पेशंटांची कुजबुज थांबली. दवाखान्यात डॉक्टर प्रथमच गप्प झाला. त्या शांततेत छताचा पंखा मला फार गोड वाटला.

ताईने मला उचललं, खड्डे पडलेल्या भोकात बोट घालून पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं. खरं सांगतो, इतकी वर्षं पीळ खाल्ले, पण असा मायेचा हात कुणी लावला नव्हता.

तर वाचकहो, एवढीच विनवणी. कधी अशा माणसाशेजारी बसून उडायची वेळ आली, तर त्याला काही विचारू नका. विचारलंत की तो उत्तर देणार, आणि उत्तर ऐकू यावं म्हणून मूठ मागे ओढणार. आत माझ्या जागी एक नवं पोर टांगलंय. त्याच्याकडे बघून तरी गप्प बसा.

निघताना ताई दारात थांबली. गाल सुजलेला, पण आवाज खणखणीत.

"रविवारी मला नातीकडे सोड," ती म्हणाली. "पण लक्षात ठेव, विमानात तुझा एक जरी शब्द मला ऐकू आला, तर मी समजेन की आपण पडायला लागलोय."