माझ्या पोटावरचे पाऊल

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. इतकी जुनी, की माझ्या जन्माच्या वेळी या देशात लोखंड कोणाला ठाऊक नव्हते. परवा माझ्या बाबतीत असे काही घडले, की तेव्हापासून नुसत्या उड्या माराव्याशा वाटत आहेत. विटेला ते जमत नाही, म्हणून निदान बोलून घेते.

नदीकाठी एका बाईने चिखल मळून मला साच्यात घातले. आमच्या नगरात विटेचे माप ठरलेले होते: जाडीच्या दुप्पट रुंदी आणि चौपट लांबी. मी उन्हात ओली पडले असताना कुत्र्याचे एक पिल्लू माझ्यावर पाय देऊन पळाले. बाई त्याचा उद्धार करत मागे धावली. ठसा मात्र राहिला आणि भट्टीत पक्का झाला.

पुढे नदी वळली, माणसे निघून गेली, आमच्यावर माती चढली. वर राजे आले, सुलतान आले, सुभेदार आले. घोड्यांच्या टापा मला खाली ऐकू येत. शेवटी गोऱ्या साहेबांचे राज्य आले. त्यांना लोहमार्ग टाकायचा होता. दगड लांबून आणावा लागत होता आणि आयत्या विटा पायाखाली होत्या. झाले! माझ्या शेजारणी फोडून रुळांखाली अंथरल्या. उरल्यासुरल्या तुकड्यांतून स्टेशनाची खोली उभी राहिली. गवंड्याला खिडकीखाली एक लांब वीट हवी होती, म्हणून मी अखंड राहिले. ठशाच्या खोलगट बाजूला चुना घट्ट धरतो, म्हणून त्याने मला पालथे बसवले.

परवा ती खोली पाडायला ठेकेदार आला. त्याच्याबरोबर त्याची धाकटी बहीण होती. ती इतिहास शिकवते. या जमिनीखाली प्राचीन नगर आहे असे ती कित्येक वर्षे सांगत होती आणि लोक हसत होते. तुकड्यांवरून माप सिद्ध होत नाही, एक तरी अखंड वीट दाखवा, असे तिला पुरातत्त्व खात्याने कळवले होते. खोली पडली की त्या जागी गोदामाचा पाया खणला जाणार होता. म्हणजे खालचे उरलेले नगरही संपले असते.

सकाळपासून ती ढिगारा उपसत होती. हाती येत होते ते तुकडेच.

"तायडे, तुझं अख्खं नगर माझ्या एका डंपरात मावलं बघ," ठेकेदार म्हणाला.

ती उपसतच राहिली. यंत्राचा पंजा माझ्या खिडकीकडे वळला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते! तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. तिने टेप लावला. जाडी मोजली, लांबी मोजली, पुन्हा मोजली. मग ती सरळ पंजाच्या आड उभी राहिली.

"दादा, एवढी ही वीट यंत्रानं नको, हातानं काढ. मग मी घरी जाते."

तो बराच करवादला. पण छिन्नी त्यानेच घेतली आणि माझ्या कडेचा चुना इतक्या हलक्या हाताने उकरला, की मला ओरखडाही उठला नाही. मला बाहेर काढून त्याने उलटे केले. चुन्याचा थर पापुद्र्यासारखा सुटला आणि पिल्लाच्या पावलावर पुन्हा ऊन पडले.

ठेकेदार पाहतच राहिला. त्याच्या घरचे कुत्रेही प्रत्येक नव्या, ओल्या कोब्यावर फिरून येते आणि तो प्रत्येक वेळी डोक्याला हात लावतो.

"म्हणजे तेव्हापासून हे असंच चालू आहे होय!" तो हसत म्हणाला. बहिणीचे डोळे भरून आले होते. ते पाहून त्याने हसू आवरले, यंत्राजवळ जाऊन चावी काढली आणि खिशात टाकली.

"तायडे, तुझं नगर कुठपर्यंत आहे?"

"तू उभा आहेस तिथून पुढं, नदीपर्यंत."

तो चपापून दोन पावले मागे सरला, झोपलेल्या माणसावर पाय पडल्यासारखा.

मित्रांनो, एवढेच मागते. जुने काही फोडण्याआधी एकदा उलटून पाहा. कोणीतरी तिथून नुकतेच धावत गेलेले असेल.