पिठाच्या गोळ्यात उतरलेलं विष

पंचवटीच्या भाजीबाजारामागच्या बोळात मंगळवारी पाय ठेवायला जागा नसते. तिथे शेखर महाराज नसांमधलं विष काढतात. दोन वर्षांपूर्वी हा गृहस्थ एकलहऱ्याला टीव्हीची केबल जोडत होता. आता एकदम रक्तवाहिन्याच हाती घेतल्या आहेत.

मी शिकवते त्या वर्गातली सायली आपल्या आईबरोबर, उज्वलाताईंबरोबर, रांगेत होती. तिला सिलिॲक आहे. गहू खाल्ला की तिचं आतडं बिघडतं, आणि त्याची झळ रक्तवाहिन्यांनाही लागू शकते. सोनोग्राफीत तिच्या मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत वयाच्या मानाने जाड दिसली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "गव्हाचा कणही नको. पथ्य पाळलं तर सुधारायची आशा आहे." उज्वलाताईंनी वर्षभर पोरीला भाकरीवर सांभाळलं. पण इथे यायला लागल्यापासून तिचं पोट पुन्हा दुखू लागलं, म्हणून मी मुद्दाम सोबत आले होते.

महाराजांनी सायलीच्या दंडाला तांबूस तीर्थ चोळलं आणि त्यावरून कणकेचा गोळा फिरवला. गोळा काळानिळा पडला. बायांनी हात जोडले.

"बघ माये, नसांतलं विष उतरलं. आता हा शिरा पोरीला भरव."

"रवा गव्हाचाच ना?" मी विचारलं.

"बाई, प्रसादाला कसलं पथ्य?"

या एका वाक्यापुढे आपली शिकलेली माणसंही माना तुकवतात. उज्वलाताईंनी घास उचलला. माझं डोकं सणकलं, पण सायलीनेच तोंड फिरवलं.

"बाई, परवा वर्गात बटाट्यावर आयोडीन टाकलं, तेव्हा असाच रंग आला होता ना?"

"हो. आणि या तीर्थाला दवाखान्याचा वास येतोय."

सायलीने परातीतला कोरा गोळा उचलून तीर्थाच्या वाटीत बुडवला. तोही काळानिळा झाला.

"म्हाराज, वाटीला बी नसा हायेत का?" भाजीवाल्या अक्काबाईंनी विचारलं.

महाराजांना अचानक कुणाचा तरी फोन आला. ते मागच्या दाराने गेले.

उज्वलाताई खाली बसल्या. "बाई, गेले चार मंगळवार मी माझ्या हाताने भरवलाय तिला."

जखमेला लावायचं आयोडीन पिठातल्या स्टार्चला भेटलं की काळंनिळं होतं, एवढाच हा चमत्कार. देवाला नमस्कार खुशाल करा. पण प्रसादाचा गहू आणि पोळीचा गहू पोरीच्या शरीराला सारखाच. तिला काय भरवायचं, ते डॉक्टरांना विचारा.